उतारा न समजताही पूर्ण गुण: इंदूरच्या इंग्रजी शिक्षकांना खुलं पत्र

आदरणीय शिक्षक-शिक्षिकांनो,

अर्धवार्षिक परीक्षा जवळ आल्या आहेत. येत्या काही दिवसांत तुमच्यापैकी अनेकजण इंग्रजीचा पेपर काढायला बसतील. समोर मागच्या वर्षीचा पेपर असेल, शेजारी एखादं गाइड असेल, अनसीन पॅसेजला किती गुण आणि ग्रामरला किती हे ब्लूप्रिंटमध्ये आधीच ठरलेलं असेल. तो पेपर छापायला जाण्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचावं, म्हणून घाईने लिहिते आहे.

मी इंदुरात बरीच वर्षं इंग्रजी शिकवते, आधी शाळेत आणि आता घरी. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर या भागांतली मुलं संध्याकाळी माझ्याकडे येतात. घरी मराठी, रस्त्यावर आणि मैदानावर हिंदी, वह्या-पुस्तकांत इंग्रजी अशी त्यांची दिवसाची वाटणी असते. येताना ती शाळेत तपासलेल्या कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, घेऊन येतात. त्या कॉप्या वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते तुमच्यासमोर मांडायचं आहे. आपण मुलांचं इंग्रजी वाचन तपासतच नाही. उताऱ्यातलं वाक्य शोधून ते जसंच्या तसं उतरवण्याचं कसब तपासतो आणि त्यालाच आकलन म्हणून गुण देतो. ग्रामरचीही गत फारशी वेगळी नाही, पण त्याकडे नंतर येते.

आधी हे एक वाक्य वाचा.

'काल संध्याकाळी टुंबऱ्या झेलक्याने रोपळात चार खिंबे फुंजले, कारण त्याच्या भिंगळीला लुसा आला होता.'

आता प्रश्न. रोपळात खिंबे कोणी फुंजले? किती फुंजले? केव्हा फुंजले? झेलक्याने खिंबे का फुंजले?

चारही प्रश्नांची उत्तरं तुम्ही पूर्ण वाक्यात, बिनचूक देऊ शकता. चारपैकी चार गुण. आणि तरीही झेलक्या माणूस आहे की पक्षी, खिंबे खायचे असतात की पांघरायचे, लुसा येणं ही आनंदाची गोष्ट की काळजीची, यातलं काहीही तुम्हाला सांगता येणार नाही, कारण हे शब्द मी आत्ता इथेच बनवले. तुम्हाला मराठी वाक्याची बांधणी माहीत आहे. 'ने' कुणाला लागतं आणि 'कारण'च्या पुढे काय येतं, एवढ्या भांडवलावर काम भागलं.

सातवी-आठवीतलं मूल इंग्रजी उताऱ्याशी नेमकं हेच करतं. 'व्हाय' दिसलं की उताऱ्यात 'बिकॉज' शोधायचं. 'व्हेन' दिसलं की आकडा किंवा वार शोधायचा. प्रश्नातला सगळ्यात लांबलचक शब्द उताऱ्यात कुठे आहे ते बोटाने हुडकायचं आणि ते वाक्य कॅपिटल अक्षरापासून फुलस्टॉपपर्यंत उतरवायचं. आपण त्याखाली बरोबरची खूण करतो.

मागच्या सत्रात एका मुलाची कॉपी बघत होते. उतारा बिरबलाच्या गोष्टीचा होता: एकजण शेतकऱ्याला विहीर विकतो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, विहीर विकली, पाणी नाही विकलं. बिरबल उत्तर देतो, मग तुझं पाणी दुसऱ्याच्या विहिरीत का ठेवलं आहेस, एकतर भाडं दे नाहीतर काढून ने. या मुलाला दहापैकी नऊ गुण होते. एक गुण स्पेलिंगचा गेला होता. मी त्याला मराठीत विचारलं, 'काय झालं रे या गोष्टीत?' तो म्हणाला, 'ताई, त्या विहिरीत पाणी नव्हतं.' मी पुन्हा विचारलं, 'मग बिरबलाने काय केलं?' तर म्हणाला, 'त्याने पाणी आणून दिलं.' गोष्टीचा सगळा गाभा, तो लबाड माणूस, बिरबलाची ती कोटी, काहीही त्याच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. मूल हुशार आहे. मराठीत सांगितल्यावर गोष्ट त्याला क्षणात कळली आणि तो खदखदून हसला. पण त्याच्या कॉपीवरचा नऊ हा आकडा त्याच्या शिक्षकांना, आई-वडिलांना आणि त्याला स्वतःलाही सांगत होता की इंग्रजी वाचन उत्तम आहे. तो आकडा खोटा होता, आणि तो खोटा होण्यात त्या मुलाचा काडीचाही दोष नव्हता. पेपरात विहीर कोणी विकली, किती दिवसांनी परत आला, दरबारात कोण गेलं एवढंच विचारलं होतं. लबाडी कोणाची आणि ती कशी पकडली गेली, हे कोणी विचारलंच नव्हतं.

यातलं सगळ्यात मोठं नुकसान वर्गात होतं. जे परीक्षेत येतं तेच शिकवलं जातं, आणि ते स्वाभाविक आहे. परीक्षेच्या या उलट्या परिणामाला भाषा-परीक्षणाच्या अभ्यासात वॉशबॅक म्हणतात. आपल्याकडे तो अगदी उघड दिसतो. 'आधी प्रश्न वाचा, मग शब्द शोधा' ही युक्ती पाचवीपासून शिकवली जाते, क्लासमध्ये घोटून घेतली जाते, आणि मुलं उतारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचणंच सोडून देतात. दहावीपर्यंत पोहोचलेल्या, कधीही इंग्रजी परिच्छेद सलग न वाचलेल्या मुली माझ्याकडे आल्या आहेत. गुण ऐंशीच्या पुढे.

मग पेपर कसा काढायचा? माझ्या अनुभवातलं आणि या विषयावर झालेल्या अभ्यासातलं थोडं सांगते.

पहिली गोष्ट, उताऱ्याशिवाय सुटणारे प्रश्न. अमेरिकेत १९९० साली स्टुअर्ट काट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेज-प्रवेशाच्या सॅट परीक्षेतले वाचन-आकलनाचे प्रश्न विद्यार्थ्यांना उतारे न देताच सोडवायला दिले होते. नुसत्या अंदाजाने जितके बरोबर यायला हवेत, त्याहून बरेच जास्त बरोबर आले. एवढी तावून-सुलाखून काढलेली परीक्षा, आणि तिची ही कथा. मग आपण रात्री जेवणानंतर बसून काढलेल्या पेपरात असे प्रश्न असणारच. समजा तुम्ही सराफ्यावर उतारा दिलात: दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, रात्री ती बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याचे ठेले, भुट्ट्याचा कीस, गराडू. 'सराफ्यात खाण्याची दुकानं केव्हा लागतात?' इंदुरातलं कुठलं मूल यासाठी इंग्रजी उतारा वाचेल?

आणि याच्या उलट टोकाला गाइडमधले ते उतारे: बर्फ पडतो आहे, फायरप्लेसमध्ये लाकडं जळत आहेत, आजोबा स्लेज दुरुस्त करत आहेत. इथे मूल भाषेला अडत नाही, ते त्या जगालाच अडतं. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका खेळाचं वर्णन वाचायला दिलं होतं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे ज्या विषयाची मुलाला ओळख नाही, त्यावरचा उतारा देऊन आपण त्याचं इंग्रजी मोजत नसतो, त्याने काय काय पाहिलं आहे ते मोजत असतो. पैसेवाल्या घरातलं मूल, जे शिमला-मनालीला जाऊन आलं आहे, ते इथे पुढे जातं. हा अन्याय आहे आणि तो आपल्या हातून होतो.

मला स्वतःला ओळखीच्या जगातली अनोळखी गोष्ट सगळ्यात बरी वाटते. सराफाच ठेवा, पण उतारा असा लिहा की एका ठेलेवाल्याने एका रात्री ठेला लावलाच नाही, आणि का लावला नाही हे उताऱ्याच्या शेवटी हळूहळू उलगडतं. सराफा मुलाला माहीत आहे, त्या ठेलेवाल्याची गोष्ट माहीत नाही. ती जाणून घ्यायला वाचावंच लागेल. आणि शब्द जपून निवडा. शब्दसंग्रहावर काम करणारे पॉल नेशन आणि त्यांच्यासोबतच्या अभ्यासकांनी दाखवलं आहे की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायचा तर त्यातले जवळपास ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. दीडशे शब्दांच्या उताऱ्यात हे प्रमाण धरलं तर नवे शब्द तीन होतात. गाइडमधला कुठलाही उतारा घेऊन आपल्या वर्गातल्या मधल्या फळीच्या मुलाला अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगा. रेघा पंधरा-वीसच्या खाली क्वचितच येतात.

दुसरी गोष्ट, प्रश्नाचं उत्तर उताऱ्याच्या शब्दांत सापडता कामा नये. एक अगदी छोटा नमुना देते. उतारा इंग्रजीत आहे असं समजा:

मीनाने ओली छत्री दाराबाहेर उघडी ठेवली. 'इतक्या लवकर?' आईने विचारलं. 'मॅडमसुद्धा पोहोचू शकल्या नाहीत,' मीना म्हणाली आणि हसत हसत दप्तर कोपऱ्यात ठेवलं.

चारपाच सोपी वाक्यं, सहावीच्या मुलाला झेपतील अशी. आता विचारा: बाहेर हवा कशी होती? मीना कुठून आली? ती लवकर का आली? तिला वाईट वाटलं की बरं वाटलं, आणि तुम्हाला ते कशावरून कळलं? 'पाऊस', 'शाळा', 'सुट्टी', 'आनंद' यातला एकही शब्द उताऱ्यात नाही. उतरवायला वाक्यच नाही. ज्याला समजलं त्यालाच उत्तर देता येईल. आणि 'कशावरून कळलं' हा प्रश्न माझा सगळ्यात आवडता. मूल उताऱ्यात परत जातं, 'हसत' या शब्दावर बोट ठेवतं, आणि त्याला पहिल्यांदा जाणवतं की वाचन म्हणजे पुरावा शोधणं आहे.

आयईएलटीएस या इंग्रजी प्रावीण्याच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत एक प्रश्नप्रकार असतो: विधान उताऱ्याप्रमाणे खरं, खोटं, की उताऱ्यात सांगितलेलंच नाही. त्या परीक्षेच्या वाचनाच्या भागात तीन विभागांवर ४० प्रश्न आणि ६० मिनिटं असतात. परदेशी शिकायला जाण्याच्या तयारीत असलेली आपल्याकडची मुलं याच प्रकारापाशी सगळ्यात जास्त अडखळतात, कारण शाळेत त्यांना 'ट्रू-फॉल्स' एवढंच ठाऊक असतं. 'सांगितलेलंच नाही' हा तिसरा पर्याय सहावीपासून द्यायला काय हरकत आहे? मीनाच्या उताऱ्यावर विधान द्या: 'मीनाची शाळा घरापासून लांब आहे.' खरं म्हणणारी मुलं निघतील, खोटं म्हणणारीही निघतील. लेखकाने काय म्हटलं आणि आपण काय धरून चाललो, यातला फरक तिथे लख्ख समोर येतो. एका ओळीचा प्रश्न आहे, तपासायला अर्धा सेकंद लागतो.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः हे पत्र लिहिते आहे, तो मुद्दा. आठवीपर्यंत तरी आकलनाच्या प्रश्नांची उत्तरं मुलांना हिंदीत लिहू द्या. ज्या मुलांना मराठीत लिहिता येतं आणि ज्यांच्या शिक्षकांना मराठी वाचता येतं, त्यांना मराठीत लिहू द्या.

हे वाचून तुमच्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतील, मला कल्पना आहे. इंग्रजीच्या पेपरात हिंदी? पण क्षणभर विचार करा, आपण तिथे काय तपासतो आहोत. वाचून समजलं की नाही. मीनाला बरं वाटलं हे एका मुलीला कळलं, पण 'शी वॉज हॅपी बिकॉज देअर वॉज नो स्कूल' हे वाक्य तिला रचता येत नाही. मग ती काय करते? उताऱ्यातलं जवळपासचं एखादं वाक्य उतरवते, निदान ते व्याकरणाने तरी बरोबर असतं. म्हणजे उतरवण्याची सवय आपणच लावतो, कारण समजलेलं मांडायला तिच्याजवळ इंग्रजी नाही आणि दुसऱ्या भाषेत मांडायची आपण परवानगी देत नाही. ज्या मुलीला काहीच कळलं नाही आणि जिला सगळं कळूनही लिहिता आलं नाही, त्या दोघींच्या कॉपीवर सारखंच उत्तर येतं. शिक्षक म्हणून मला या दोघींना वेगवेगळं शिकवायचं आहे. पेपर मला त्या वेगळ्या दाखवतच नाही.

इंग्रजी लिहिण्याची परीक्षा घ्यायलाच हवी, आणि ती पत्र, अर्ज, निबंध यांत घेतली जातेच. तिथे एकही सवलत मागत नाही. वाचनाच्या प्रश्नात वाचन तपासा आणि लेखनाच्या प्रश्नात लेखन, एवढंच मागणं आहे. आपल्या मध्य प्रदेशात १६ ऑक्टोबर २०२२ ला भोपाळमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली. डॉक्टर होणाऱ्या विद्यार्थ्याने शरीररचना हिंदीत वाचावी आणि समजून घ्यावी हे ज्या प्रदेशाने मान्य केलं, तिथे सहावीतल्या मुलाने मीनाची छत्री ओली का होती हे हिंदीत सांगितलं तर बिघडलं कुठे?

काही पालक तक्रार करतील. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तर नक्कीच करतील, फी भरून मूल हिंदीत उत्तरं लिहितंय म्हणून. त्यांना पालक-शिक्षक सभेत मीनाचा उतारा द्या आणि दोन कॉप्या समोर ठेवा, एक इंग्रजी वाक्य नुसतं उतरवलेली आणि एक हिंदीत समजून लिहिलेली. मी माझ्याकडच्या पालकांपुढे हे केलं आहे. समजावून सांगितल्यावर आई-वडील आपल्यापेक्षा लवकर ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

आता ग्रामर. आपल्या पेपरातलं 'डू ॲज डायरेक्टेड' पाहिलं की मला त्या मुलांची कीव येते, ज्यांनी वर्षभर 'राम ईट्स अ मँगो'चं 'अ मँगो इज ईटन बाय राम' करत घालवलं. असं कुणी बोलत नाही, असं कुणी लिहीत नाही. पॅसिव्ह व्हॉइस लागतो तो जिथे काम महत्त्वाचं असतं आणि करणारा गौण असतो तिथे. आपल्या शहरात त्याची उदाहरणं भिंतीभिंतीवर आहेत. २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर घेणारं शहर आहे हे: कचरा सकाळी उचलला जातो, ओला आणि सुका वेगळा केला जातो, रस्ता रात्री झाडला जातो. कोण उचलतो, कोण झाडतो याचा उल्लेख तिथे लागत नाही. मुलांना सांगा, तुमच्या गल्लीसाठी इंग्रजीत सूचना लिहा, पाच वाक्यांची. पॅसिव्ह आपोआप येईल, आणि नाही आला तर काय शिकवायचं ते तुम्हाला कळेल.

नॅरेशनचंही, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगण्याचंही, असंच. मराठीत आणि हिंदीत आपण 'तो म्हणाला की मी उद्या येईन' असं सरळ बोलतो, त्याचे शब्द बदलत नाही. इंग्रजीत 'आय'चा 'ही' होतो, 'विल'चा 'वुड' होतो, 'टुमॉरो'चा 'द नेक्स्ट डे' होतो. मुलं हा तक्ता पाठ करतात आणि का बदलायचं हे त्यांना कधीच कळत नाही. त्याऐवजी निरोप सांगायला द्या: सोमवारी काकांचा फोन आला, 'मी उद्या येईन, बाबांना सांग.' बाबा गावाहून गुरुवारी परतले. आता त्यांना काका काय म्हणाले ते इंग्रजीत लिहून सांग. इथे 'टुमॉरो' तसाच ठेवला तर काका शुक्रवारी येणार असं होईल, ही चूक मुलाला स्वतःलाच दिसते. तक्त्याची गरज उरत नाही.

गाळलेल्या जागांबद्दल माझी खरी तक्रार आहे. 'आय सॉ ___ डॉग इन द गार्डन.' शिक्षकाच्या मॉडेल आन्सरमध्ये 'अ' लिहिलेलं असतं, आणि ज्या मुलाने 'द' लिहिलं त्याचा गुण कापला जातो. पण एखाद्या ठराविक कुत्र्याबद्दल आधी बोलणं झालं असेल तर 'द'च बरोबर आहे! त्या सुट्या वाक्यात दोन्ही बरोबर आहेत. आर्टिकल ठरतं ते आधीच्या वाक्यावरून. ज्या भाषांमध्ये आर्टिकल नाहीच, अशा दोन भाषा बोलणाऱ्या मुलांना ते एकेकट्या वाक्यात तपासून आपण काय शिकवतो आहोत? 'ही ___ टू इंदूर' याचंही तेच. 'वेंट' आणि 'हॅज गॉन' दोन्ही चालतात, पर्यायांत दोन्ही दिलेले असतात, आणि बरोबर मात्र एकच धरलं जातं.

आणि सुट्या गाळलेल्या जागेत बरोबर आलेलं लेखनात येतंच असंही नाही. 'सिन्स' आणि 'फॉर' बघा. काळाची लांबी असेल तर 'फॉर', सुरुवात सांगितली असेल तर 'सिन्स', हा नियम माझ्याकडच्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ आहे आणि गाळलेल्या जागेत ती कधी चुकत नाहीत. त्याच पेपरात दोन पानं पुढे, मैत्रिणीला पत्रात, तीच मुलगी लिहिते: 'आय ॲम लिव्हिंग इन इंदूर सिन्स टू इयर्स.' घरी 'दोन वर्षांपासून', शाळेत 'दो साल से', ते तसंच इंग्रजीत उतरतं. ग्रामरला पूर्ण गुण आणि पत्रात ही चूक, दोन्ही एकाच कॉपीत. मी तरी ग्रामर तपासायला पत्रच वाचते.

ज्यांना छोटे प्रश्न हवेच असतील त्यांच्यासाठी क्लोझ टेस्ट आहे. विल्सन टेलर यांनी १९५३ साली ती पुढे आणली, मजकूर वाचायला किती सोपा किंवा अवघड आहे हे मोजण्यासाठी. पुढे ती भाषा शिकणाऱ्यांसाठीही वापरली जाऊ लागली. एक सलग परिच्छेद घ्या, पहिलं वाक्य पूर्ण ठेवा, मग दर सातवा शब्द गाळा. मुलाला आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचल्याशिवाय गत्यंतर नसतं. अर्थाला आणि व्याकरणाला बसणारा कुठलाही शब्द मान्य करा. इंग्रजी पेपरातली एखादी शहरातली बातमी यासाठी पुरते, आणि तयार करायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

हे सुटं सुटं ग्रामर आलं कुठून, असा प्रश्न मला पडत असे. केंब्रिजने १९१३ साली परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली, तेव्हा तिच्यात भाषांतर, व्याकरण, निबंध, ध्वनिशास्त्र असं बरंच काही होतं. ती बारा तास चालली, तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. शंभर वर्षांत तिथलं चित्र पार बदललं. आज आयईएलटीएसमध्ये ग्रामरचा वेगळा पेपरच नाही, लेखनाचे आणि बोलण्याचे गुण देताना ते पाहिलं जातं. आपण मात्र अजून तिथेच उभे आहोत.

भंवरकुआँ भागातल्या क्लासेसमधले शिक्षक म्हणतील, आमच्याकडे मुलं नोकरीच्या परीक्षांसाठी येतात, तिथे हेच विचारतात. बरोबर आहे. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी स्टाफ सिलेक्शन कमिशन (एसएससी) जी सीजीएल परीक्षा घेतं, तिच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांना असतात, चुकलं तर अर्धा गुण जातो, आणि वाक्यातली चूक शोधण्यापासून क्लोझपर्यंत सगळं चार पर्यायांत असतं. प्रचंड संख्येतून थोड्यांना निवडायचं, तेही संगणकावर, म्हटल्यावर दुसरा मार्ग त्यांच्याजवळ फारसा नाही. तुमच्याशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं सहावी-सातवीच्या शाळेतल्या पेपराबद्दल आहे, ज्याला कुणाला गाळायचं नसतं. त्या पेपराचं काम मुलाचं कुठे अडलं आहे ते दाखवणं. तो जेव्हा नोकरीच्या परीक्षेची नक्कल करू लागतो, तेव्हा वीस प्रश्नांपैकी पाच तर डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरीने बरोबर येतात, आणि उरलेल्यांवरून शिक्षकाला काहीच उमगत नाही.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. एका वर्गात साठ मुलं, तीन-तीन तुकड्या, चार दिवसांत कॉप्या तपासून द्यायच्या. दहावी-बारावीचा पेपर भोपाळहून, बोर्डाकडून येतो, त्याच्या आकृतिबंधात तुम्हाला ढवळाढवळ करता येत नाही, आणि मुलांना त्याची तयारी करून देणं तुमचं कर्तव्य आहे. म्हणून सगळा पेपर बदला असं मी म्हणत नाही. युनिट टेस्ट, महिन्याची टेस्ट, खाजगी शाळांमधले सहावी-सातवीचे पेपर, हे तुमच्या हातात आहेत. त्यात उताऱ्याखालचे दोन प्रश्न बदला. ग्रामरच्या वीस गुणांपैकी पाच गुणांचा एक सलग परिच्छेद द्या. हिंदी-मराठीत उत्तराची मुभा एका टेस्टपुरती देऊन पाहा आणि कॉप्या शेजारी शेजारी ठेवून वाचा.

प्राचार्य आणि संचालकांनाही एक विनंती आहे, कारण पेपर अखेर तुमच्या सहीने छापायला जातो. शिक्षकाकडून मॉडेल आन्सर मागताना 'अर्थाला धरून असलेलं कुठलंही उत्तर मान्य' ही ओळ त्यात लिहू द्या. अनेक शिक्षकांना असे प्रश्न काढायची इच्छा असते, पण उद्या कुणी पालक येऊन एक-एक गुणावर वाद घालेल या धास्तीने ते उतरवून काढण्याच्या प्रश्नांकडे वळतात. तुम्ही पाठीशी उभं राहिलात तर त्यांचा हात मोकळा होईल. आणि कॉप्या मुलांना घरी नेऊ द्या. दहा मिनिटं वर्गात दाखवून गठ्ठा परत कपाटात गेला की त्या पेपराचा मुलाला काही उपयोग उरत नाही.

पेपर छापायला देण्याआधी एक काम आवर्जून करा. स्टाफरूममध्ये गणित किंवा विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्याला उतारा न दाखवता नुसते त्याखालचे प्रश्न द्या. जेवढे त्यांनी सोडवले तेवढे काढून टाका. मग उतारा द्या आणि सांगा, उत्तरातला एकही शब्द उताऱ्यातून उचलू नका. जिथे ते थबकतील आणि वाक्य पुन्हा वाचतील, ते प्रश्न ठेवा. माझ्याजवळ गेल्या काही वर्षांत जमवलेले आणि स्वतः लिहिलेले, पाचवी ते आठवीला झेपतील असे उतारे आणि त्यांवरचे प्रश्न एका फाइलीत आहेत. ज्यांना हवेत त्यांनी झेरॉक्स करून घ्यावेत, बदलावेत, त्यांत भर घालावी. माझं नाव घालायची गरज नाही.

आपली,
रामबागेत इंग्रजी शिकवणारी एक शिक्षिका
इंदूर